फिटरकाकांचा आर्थरभाऊ

फिटरकाकांच्या घरात मिरची वाटायला घेतली की वरच्या खोलीतला माझा पंखा मंद व्हायचा. ठेचा असला तर थोडा, आणि ज्वारी भरडायला घेतली तर इतका, की पंख्याची पाती मोजता यायची. कारण त्या घरात मोटर एकच होती. ती मागच्या पडवीत बसवलेली. तिच्यावरून एक लोखंडी दांडा छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला, दांड्यावर ठिकठिकाणी चाकं, आणि चाकांवरून उतरणारे चामड्याचे पट्टे मिक्सर, पंखे, पाण्याचा पंप, धार लावायचा दगड, सगळं चालवायचे. जुन्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एका इंजिनावर सगळी यंत्रं अशीच चालत. काका खामगावच्या एका जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते. निवृत्त होऊन वरवट बकालला आपल्या घरी आले, आणि गावाच्या म्हणण्याप्रमाणे येताना जिनिंग डोक्यात घालून आले.

मी साताऱ्याकडचा. वरवट बकालच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला म्हणून गेलो होतो. भाड्याची खोली आहे असं कळलं म्हणून त्यांच्या दारात उभा राहिलो, तर बेलचं बटण कुठेच नाही. दाराशेजारी एक पितळी मूठ होती. ती ओढली तशी आत कुठेतरी साखळी खडखडली, एक हातोडी उचलली गेली आणि पितळी वाटीवर आपटली. टण्ण. आतून आवाज आला, "या, उघडंच आहे!"

दार खरंच उघडं होतं. ते कायमच उघडं असायचं. मग घंटा कशाला, असं मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाले, "कोनी आलं हे समजाले नको का?" पण त्यांच्याकडे येणारं कोणी नव्हतं. मी राहिलो ती चार वर्षं ती मूठ बहुतेक मीच ओढली.

आत गेलो तर समोर हे उभे. डोक्यावर ताठ कडांची साहेबी टोपी, टोपीवर वेल्डिंगचा गॉगल, त्याच्या काचांना स्वतः घडवलेली पितळी कडी. अंगात चामड्याचा एप्रन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि पायात टायरच्या चपला. मला वाटलं काही काम चालू असेल. नंतर कळलं की ही त्यांची रोजची वेशभूषा आहे, आणि या वेशात ते बाजारात, लग्नात, तेराव्याला, सगळीकडे जातात. गावातली माणसं ओट्यावरून ओरडायची, "काऊन हो फिटरकाका, इमान कवा उडते?" ते न थांबता उत्तर द्यायचे, "वाफ धरू द्या, उडते." त्यांना चिडवलेलं कळत नव्हतं असं नाही. उत्तर देताना ते चालण्याचा वेग मात्र थोडा वाढवत.

"मास्तर, तुमाले आवाज चालते ना?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. मी म्हटलं, चालतो. "मंग खोली तुमची."

त्या घरात कशावरही झाकण नव्हतं. मिक्सरचं कवच काढलेलं, भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी काढलेली, शिलाई मशीन उघडं, कुलपंसुद्धा कापून आतले खटके दिसतील अशी केलेली. कुलूप उघडं केलं तर ते कुलूप कसलं, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. "जे फिरते थे दिसलं पाह्यजे," असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. "झाकन म्हंजे लपवाछपवी. कंपनीवाले झाकन काऊन लावतात? तुमाले समजू नाही म्हनून." स्वतःचा साधा बटणांचा मोबाइल त्यांनी पितळी डब्यात बसवला होता. फोन आला की डब्याची कळ खाली ओढायची, मग आतली एक बारीक दांडी जाऊन हिरवं बटण दाबायची. एवढं होईपर्यंत निम्मे फोन कटायचे. त्यांची मुलगी अकोल्याला दिलेली, तिचा रविवारी फोन यायचा. ती बिचारी तीनतीनदा लावायची.

पडवीत त्या दांड्याच्या वर एक गोष्ट होती जिला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. उभी दांडी, तिला दोन बाजूंना दोन लोंबते पितळी गोळे. मोटर चालू झाली की गोळे फिरायला लागत आणि वेग वाढला की हळूहळू वर उचलले जात. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारी ती वस्तू होती. जिनिंगमधलं इंजिन भंगारात गेलं तेव्हा काकांनी एवढंच मागून घेतलं होतं. त्यांच्या घरात ती काही आवरत नव्हती, पण गोळे वर उचललेले दिसले की काकांचा चेहरा निवायचा.

एकदा मी म्हटलं, "काका, ते इंजिन चालताना काय भव्य दिसत असेल."

ते बराच वेळ चिंधीने गोळे पुसत राहिले. मग म्हणाले, "मी कायले पाह्यलं? मी लागलो तवा बंद होऊन दोन हंगाम झाले होते. माहं काम रोज पुसायचं. म्हातारे फिटर सांगे, असा श्वास घे, अशी भुई हाले. मी नुसता पुसत राह्यलो."

म्हणजे ज्याच्यासाठी हा माणूस वेडा झाला होता ते त्याने चालताना कधी पाहिलंच नव्हतं. मला त्या दिवशी त्यांची पहिल्यांदा कीव आली, आणि लगेच आपण कोण कीव करणारे असंही वाटलं.

माझी स्थिती काही बरी नव्हती. स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की "पुण्याचं बोलून राह्यले सर" म्हणून हशा व्हायचा. पुणं माझ्या गावापासून शंभर किलोमीटरवर आहे हे सांगून उपयोग नव्हता. बाकीचे मास्तर सोनाळ्याचे, शेगावचे, जवळपासचे. शनिवारी दुपारी आपापल्या घरी पांगायचे. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद. मी खोलीत केळी खाऊन वह्या तपासायचो आणि पंख्याची पाती मोजायचो. कुणाशी बोलण्यासारखं नव्हतं, आणि हे घरी फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं.

मग तो पोळा आला. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची खटकेबाज गाणी, म्हणतात. ज्याची जोडी त्याला त्या रांगेत मान. काकांकडे ना शेत ना बैल. त्या वर्षी त्यांनी श्रावणभर खपून पत्र्याचा आणि पितळेचा बैल केला. पायांना चाकं, मानेत दातेरी चक्रं, ओढला की मान डोलवणारा. पोटात प्रेशर कुकर आणि शेगडी. अंगावर झूल, शिंगांना बेगड, सगळं रीतसर. ही स्वारी घेऊन ते टोपी-गॉगलसकट रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. लोक हसले, पण सणाच्या आनंदात त्यांनी जागा दिली. झडत्या रंगात आल्या आणि कुकरने शिट्टी दिली. बैलाच्या दोन्ही नाकपुड्यांतून वाफेचे हे एवढे लोट सुटले.

शेजारची खरी जोडी बुजली. तिच्यामुळे पुढची बुजली. पाच मिनिटांत तोरण खाली, झुली चिखलात, आणि सरपंचांचा बैल शाळेच्या आवारात. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण वर्षभर जपलेला सण असा उधळला म्हणून माणसं फार चिडली. एक म्हातारे गृहस्थ काकांना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुले बैल नाही तं घरी बसत जा ना बे! कोन बलावलं होतं?"

काकांनी बैल ओढत घरी आणला. पुढचे आठ दिवस घरातली मोटर बंद होती.

त्या आठ दिवसांत मला राहवेना. पोळ्याच्या मैदानात मी बैलाचे फोटो काढले होते. खोलीत बसून ते फोनवर चाळता चाळता मी शोधायला लागलो की असा पितळी, वाफेचा, चाकं दाखवणारा नाद जगात आणखी कोणाला आहे का. आणि तेव्हा मला तो शब्द सापडला. स्टीमपंक.

मी उड्या मारत खाली गेलो. मूठ ओढली. "या, उघडंच आहे," असा बारीक आवाज आला. काका एप्रन न घालता बसले होते. मी त्यांना फोनवर एकामागून एक चित्रं दाखवली. पितळी नळ्यांचे संगणक, चामड्याचे पट्टे बांधलेले हात, खिळ्याखिळ्यांची विमानं, आणि माणसं: उंच टोप्या, टोप्यांवर गॉगल, कमरेला साखळ्या.

"हे कोन होय?" काकांनी विचारलं.

मी मला समजलं तसं सांगितलं. वाफेचा जमाना संपलाच नसता, त्याच कारागिरीतून पुढचं सगळं घडलं असतं, फोन, विमान, संगणक, तर जग कसं दिसलं असतं, ते हे लोक कल्पनेनं बनवतात. न झालेल्या काळाची आठवण काढतात म्हणा ना. हल्लीच्या गुळगुळीत, बंद डब्यांचा त्यांना कंटाळा आहे. यंत्र हातानं घडवलेलं असावं, त्याचे सांधे दिसावेत. वर्षातून एकदोनदा एकत्र जमतात, त्या काळाचे कपडे घालतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी हवाई जहाजाचा कप्तान होतो, कोणी घड्याळजी.

"म्हंजे हे येडे नाहीत?"

"असतील. पण पुष्कळ आहेत."

काकांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. "थे पंक काय आहे मागचं?"

"कोणाचं न ऐकणारे, असा काहीतरी अर्थ."

"थे तं आपुन आहोच," ते म्हणाले. संध्याकाळी माझा पंखा पुन्हा फिरायला लागला.

मी फोनवरच्या अशा एका गटात त्यांच्यासाठी खातं उघडलं. बैलाचा फोटो टाकला, आणि काकांनी सांगितलं तसंच खाली इंग्रजीत लिहिलं: जिनिंग फिटर, वरवट बकाल, वऱ्हाड. दोन दिवसांत कौतुकाचा पाऊस. पण गंमत अशी की त्या लोकांना हे सोंग वाटलं. कोणी लिहिलं, कापसाच्या कारखान्यातला फिटर, काय सुंदर पात्र रचलंय! कोणी विचारलं, वरवट बकाल हे नाव कसं सुचलं? मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका पोट धरून हसले. मग हसू ओसरलं आणि म्हणाले, "म्हंजे मी नाहीच, असं वाटते त्याइले."

तरी ते वर्ष त्यांचं चांगलं गेलं. रविवारी सकाळी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवायची, चहा टाकायचा आणि मी मूठ ओढायची वाट पाहायची. मी वाचणार, ते उत्तर सांगणार, मी भाषांतर करून पाठवणार.

घोटाळा झाला तो चाकांवरून. त्या गटातले बरेच जण टोपीवर, चष्म्यावर, डब्यावर पितळी दातेरी चाकं नुसती चिकटवायचे. काकांना ते पाहून अंगावर काटा यायचा. "लिहा," ते म्हणायचे, "हे चाक कोन्तं काम करते?" मी लिहायचो. कोणी उत्तर दिलं, शोभेसाठी आहे. "लिहा, शोभेले फूल लावा. न फिरनारं चाक लावनं म्हंजे मुडद्याच्या हाताले घड्याळ." मी सौम्य करून लिहायचो, पण शंभर फोटोंखाली तोच प्रश्न विचारल्यावर सौम्यपणा किती पुरणार? एके दिवशी गट चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला काढून टाकलं. इथे सगळ्यांचं स्वागत आहे, हिणवणाऱ्यांचं नाही, असं लिहून.

रविवार उजाडला. मी सांगायचं ठरवून खाली गेलो. काकांनी खुर्ची पुसली होती, शिवाय त्या दिवशी टेबलावर फडकं अंथरलं होतं. पोळ्याच्या मैदानातून बैल ओढत येणारी त्यांची पाठ मला आठवली आणि माझी जीभ वळेना. एका गावानं काढलं होतं, आता जगानं काढलं असं कोणत्या तोंडानं सांगणार?

"आज काय आलं मास्तर?"

मी फोनकडे बघत म्हटलं, "एक नवीन माणूस आलाय. आर्थर म्हणून. इंग्लंडचा. कापडाच्या गिरणीत फिटर होता. तो म्हणतो, न फिरणाऱ्या चाकाबद्दल तुमचंच बरोबर आहे."

काकांनी कप खाली ठेवला. "फिटर आहे?"

"हो."

"मंग बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला खोटं बोलल्याचा पश्चात्ताप काही केल्या होईना.

अशा रीतीनं आर्थर जन्माला आला. दर शनिवारी मी त्याचं पत्र रचायचो. सुरुवातीला यंत्रांबद्दल इकडून तिकडून वाचून चार वाक्यं घालायचो. पण यंत्रांतलं मला कळत नव्हतं, म्हणून हळूहळू आर्थर स्वतःबद्दल लिहू लागला. त्याच्याशी बोलायला कोणी नाही. तो दुसऱ्या गावाहून आलेला, त्याच्या बोलण्याला लोक हसतात. संध्याकाळी तो ठरवून लांबच्या रस्त्यानं घरी जातो, कारण घरी जाऊन करायचं काय. हे लिहिताना मला इतकं हलकं वाटायचं की शनिवारची मीच वाट पाहू लागलो.

काका त्याला आर्थरभाऊ म्हणत. त्यांची उत्तरंही आता यंत्रं सोडून भलतीकडे जात. "लिहा त्याले, लोकं हसतात तं हसू दे. मले काय कमी हसतात? बोलनं सोडू नोको म्हना. बोलनं सोडलं का मानूस गंजते."

एकदा आर्थरनं लिहिलं की त्याला रविवारची संध्याकाळ सगळ्यात जड जाते, कारण खानावळ बंद असते.

काकांनी मान वर केली. "तिकडंही रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते?"

"असते," मी म्हटलं.

"हं." थोड्या वेळानं म्हणाले, "लिहा, एकटा जेवू नोको म्हना. शेजारी जात जा. शेजारच्यालेही बरं वाटते." आणि त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी त्यांनी मला वर केळी खाऊ दिली नाहीत. पातोड्याची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी ते स्वतः करत, भलती तिखट. मिरची वाटताना वर माझा पंखा मंदावला की मी हात धुऊन खाली यायचो.

त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी एक नवीन वस्तू केली. शिसवी फळीवर तीन पितळी दातेरी चाकं, त्रिकोणात बसवलेली, प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोघांत अडकलेले. घासून पुसून आरसा केलेला. "फोटो काढा," म्हणाले, "आर्थरभाऊले इचारा, कसं वाटते."

मी फोटो काढला. पुढच्या रविवारी आर्थरचं उत्तर वाचून दाखवलं. त्यात मी जीव ओतला होता. तुमची तीन चाकं पाहिली आणि आमच्या गिरणीची आठवण झाली, एकाला धक्का दिला की तिन्ही कशी लोण्यासारखी फिरत असतील, मला इथे बसून त्यांचा आवाज ऐकू येतो, असं काहीबाही.

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, गॉगलच्या काचा एप्रनच्या टोकाने पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हाव. बराबर आहे." आणि उठून माझ्यासाठी आणखी चहा आणला. त्यांचं मन भरून आलंय असं मला वाटलं, आणि स्वतःच्या लेखणीचा जरा अभिमानही वाटला.

आणखी दोन वर्षं आर्थरची पत्रं चालली.

मग माझी आमच्या भागात बदली झाली. काकांना सोडून जायचं म्हणजे आर्थरचं काय, हा माझ्यापुढे मोठाच प्रश्न होता. त्याला मारून टाकावं असंही मनात आलं, पण काका त्याचं सुतक पाळतील ही भीती. शेवटी मी म्हटलं, पत्रं मी फोनवरून वाचून दाखवीन. "दाखवा," ते म्हणाले. शेगावला गाडीवर सोडायला ते पूर्ण वेशात आले. फलाटावरची पोरं त्यांचे फोटो काढत होती आणि ते मला सांगत होते, "तिकडं मानसं भेटतीन मास्तर. आपल्या बोलीचे."

सुरुवातीला दर रविवारी मी फोन करायचो. तो पितळी डबा, ती कळ, तीनतीनदा लावावा लागायचा. मग दोन आठवड्यांनी एकदा. मग माझं लग्न झालं, घर मांडलं, रविवार भरून गेले. एकदा मी सांगितलं की आर्थरला डोळ्यांचा त्रास आहे, लिहिणं कमी होईल. "असू द्या," काका म्हणाले. त्यानंतर मी फोन केलाच नाही. ठरवून नाही, नुसता राहत गेला. याला दुसरं नाव द्यायचं तर कृतघ्नपणा, आणि ते मी आज देतो.

गेल्या हिवाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. अकोल्याची मुलगी होती. "बाबा गेले हो सर. दिवसपानी झाले, मंग फोन करून राह्यली. तुमच्या पत्त्याचं एक खोकं आहे, पाठवते." मग ती म्हणाली, "पत्ता तुमचा हाय, पन नाव वरतं आर्थरभाऊ असं लिवलं आहे. कोन होय हे?"

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

खोकं आलं तो रविवार होता. आत ती शिसवी फळी होती. त्यावर तीच तीन चाकं. पण आता एक चाक बोटभर बाजूला सरकवलेलं, रांगेतल्या शेवटच्या माणसासारखं. पहिलं दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात, एवढंच. पहिलं आणि तिसरं एकमेकांना शिवत नव्हती. पहिल्याला एक छोटी मूठ, आणि तिसऱ्याशेजारी हातोडी व पितळी वाटी. काकांच्या दाराच्या घंटेची. फळीखाली चौकटीच्या वहीचा कागद घडी करून ठेवलेला.

"आर्थरभाऊले रामराम. तीन चाकं एकमेकात गुतवले तं एकही फिरत नाही. एक उजवीकडं गेलं का दुसरं डावीकडं जाते, मंग तिसऱ्यानं कोनाचं आयकावं? थे तिघंही जागच्या जागी अडकून बसतात. फिटर असता तं तू पाहून हासला असता. तू म्हने लोन्यासारखे फिरतात. मले त्याच दिवशी समजलं. खानावळीचं आयकलं तवाच वाटलं होतं.

पन मी काही बोललो नाही. मास्तर दर रविवारी खाली येऊन तुह्यं पत्र वाचे, त्याचं मन हलकं होये. त्याले अठी कोनी नोतं. मी बोललो असतो तं त्यानं येनं सोडलं असतं. त्याले सांगू नोको मले माहीत आहे म्हनून, त्याले लाज वाटन.

आता लय दिवस झाले, तुह्यं पत्र नाही. मास्तरले कोनी भेटलं असन. बरं झालं. हे फिरनारं करून पाठवतो. एवढ्यात मोटर बंदच असते."

मी तो कागद वाचला आणि पुन्हा वाचला. जो माणूस एका नजरेत खोटं चाक ओळखायचा, त्याच्यासमोर मी दोन वर्षं न फिरणारं चाक लावून बसलो होतो, आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की हे कोणतं काम करतं. कारण ते कोणाचं काम करतंय हे त्याला दिसत होतं. मला वाटत होतं मी त्याला सांभाळतोय.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. खोक्यावरचं नाव वाचून म्हणाली, "हे आर्थरभाऊ कोण?"

"मी," म्हटलं.

मी मूठ फिरवली. तिन्ही चाकं फिरली, अगदी लोण्यासारखी. हातोडी उचलली गेली आणि वाटीवर आपटली. टण्ण. सवयीनं माझे कान "या, उघडंच आहे" या आवाजाकडे लागले. मग मी ती मूठ पुन्हा फिरवली, आणखी एकदा फिरवली. आयुष्यात इतकं एकटं मला त्या वरच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.